एक किलो कापूस आणि सगळे विषय: नव्यानं लागलेल्या सर-मॅडमसाठी

सगळ्यात आधी एक सांगून टाकते, थर्माकोल आणू नका. कार्डशीट, चमकी, ग्लू गन, काहीच आणू नका. प्रशिक्षणात "कृतीतून शिक्षण", "विषयांचा समवाय" (म्हणजे सगळे विषय एकमेकांशी जोडून शिकवणं) वगैरे ऐकलं की आपल्याला पहिले आठवतं ते मॉडेल, आणि मॉडेल म्हटलं की ते रात्री घरी बसून पोराची आई बनवते नाहीतर आपण स्वतः, मग कोणी साहेब येतात, फोटो निघतो, आणि पोट्ट्यांना त्याला हात लावायची बंदी कारण तुटलं तर! माझी पहिली दोन वर्षं यातच गेली. पवनचक्कीचं मॉडेल अजून कपाटावर धूळ खात आहे, फिरत काही नाही.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत आहे, तिसरी ते पाचवी एकाच खोलीत माझ्याकडं. खाली लिहिलं ते मी कापसावर केलेलं आहे कारण आमच्या इकडे कापूसच आहे. तुम्ही भंडारा-गोंदियाकडं असाल तर धान घ्या, वरुड-मोर्शीत संत्रा, मेळघाटात मोह. पद्धत तीच राहते, वजनं बदलतील.

आधी वस्तू निवडा, विषय नंतर

बहुतेक नवीन लोक उलटं करतात. म्हणजे कागदावर मध्ये "कापूस" लिहून गोल करतात आणि चारी बाजूंनी बाण काढतात, मराठी, गणित, परिसर अभ्यास, इंग्रजी, कला. मग प्रत्येक बाणाखाली काहीतरी भरावं लागतं म्हणून भरतात. मी पण भरलं होतं, इंग्रजीच्या बाणाखाली "कॉटन कॉटन व्हाइट अँड सॉफ्ट" असं एक गाणं स्वतः जुळवून घातलं. पोरांनी म्हटलं, विसरले, संपलं. त्या गाण्यातून कापूसही नाही कळला आणि इंग्रजीही नाही.

वस्तू निवडताना मी चार गोष्टी बघते. प्रत्येकाच्या घरी फुकट मिळते का, मोजता येते का, आपल्या डोळ्यांसमोर बदलते का (वाळते, उगवते, कुजते, रंग बदलते), आणि गावात त्याबद्दल माझ्याहून जास्त समजणारा माणूस आहे का. शेवटची गोष्ट लोक विसरतात, पण तीच सगळ्यात कामाची आहे, कारण मला पऱ्हाटीतलं (कापसाच्या झाडातलं) काही समजत नव्हतं, मी शहरातली, आणि पोट्ट्यांना ते पहिल्या दिवशीच कळलं. त्याचा फायदा असा झाला की ते मला शिकवायला लागले. पातं म्हणजे काय, बोंड कधी फुटते, फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं हे मला तिसरीतल्या पोरानं दाखवलं. मी पुस्तकात शोधलं तर खरंच होतं.

आणि हो, ही कल्पना काही आजची नाही. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यातच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली, त्यातून झाकीर हुसेन समिती आणि पुढं नई तालीम. हातानं उपयोगाचं काम करता करता त्यातूनच गणित, भाषा, विज्ञान शिकायचं असा तो विचार. सेवाग्राम इथून जवळ म्हणून आम्ही सहली नेतो, चरख्याजवळ फोटो काढतो आणि परत येऊन पाठ पहिला उघडतो. ते बऱ्याच शाळांत का बारगळलं याचं एक कारण मला तरी हे वाटतं, की कताईचा तास वेगळा झाला आणि गणिताचा तास वेगळा राहिला. सूत काढलं, पण सूत मोजलं कोणी नाही. त्यामुळं माझा नियम साधा आहे, हातात घेतलेल्या वस्तूबद्दल पोरांना खरंच काहीतरी शोधायचं असेल आणि ते शोधायला एखादा विषय लागत असेल तरच तो विषय आणायचा, नाहीतर त्याला घरी राहू द्या.

केव्हा करायचं

दिवाळीच्या सुट्टीनंतर. आपल्याकडं विदर्भात ऊन्हामुळं शाळा तशीही बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडते, जून-जुलै पाठ्यपुस्तकं, प्रवेश, माहिती भरण्यात जातो. नोव्हेंबरात घरोघरी कापूस असतो आणि खरं सांगायचं तर वेचणीमुळं पटावरची हजेरी पण तेव्हाच खाली येते, पोरं लहान भावंडं सांभाळायला घरी थांबतात. कापसाचं काम सुरू केल्यावर माझ्याकडं हजेरी एकदम वाढली असं काही म्हणणार नाही. दोन-तीन जण जास्त यायला लागले एवढंच.

10 ते 12 दिवस धरा, रोज दीड तास. शनिवारी सकाळच्या शाळेत आनंददायी शनिवारचा वेळ मिळतो तो यालाच द्या. बाकी वेळ नेहमीचं वाचन, पाढे, शुद्धलेखन चालूच ठेवायचं, त्याबद्दल खाली सांगते कारण तिथं मी मार खाल्ला.

आधी स्वतः करून बघा

रविवारी एकटं बसून 50 फुटलेल्या बोंडांचा कापूस काढा, वजन करा, सरकी वेगळी करा. दोन तास जातील, बोटं दुखतील. हे केल्याशिवाय वर्गात जाऊ नका, कारण 100 ग्रॅम कापसातली सरकी हातानं काढायला किती वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं आणि मी पोरांना किलोभर काढायला लावणार होती!

सामान म्हणाल तर पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा (डिजिटल असेल तर उत्तम, ताईंना आधी विचारा, खिचडी शिजवायच्या वेळेला काटा मागू नका), मोजपट्टी, सायकलचे जुने स्पोक, वह्या. आणि कापूस, प्रत्येक घरून एक ओंजळ. मिळून किलोभर होतो. कोणाकडून आणला आणि किती याची यादी पहिल्या दिवशीच करा, तो परत द्यायचा आहे. ओंजळभर असला तरी कोणाच्या तरी घरचा माल आहे.

पहिला दिवस: फक्त प्रश्न

कापूस मध्ये ठेवा, गोल बसवा, आणि तुम्ही गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे. प्रत्येकानं एका चिठ्ठीवर एक प्रश्न लिहायचा, तिसरीतल्या ज्याला लिहिता येत नाही त्याचा पाचवीतल्यानं लिहायचा, पण बोललाय तसाच, सुधारायचा नाही. माझ्याकडं आलेले काही:

एका बोंडात सरक्या किती असते?
कापूस पांढराच काहून?
माय सकाळी सकाळीच वेचाले काहून जाते?
व्यापारी ओला हाय म्हणते, ओला म्हणजे किती ओला?
एक शर्टात किती बोंडं लागते?
सरकी खाल्ली तर म्हैस जास्त दूध देते का?

सगळे प्रश्न भिंतीवर लावा. सगळ्यांची उत्तरं मिळणार नाहीत आणि ते पोरांना आधीच सांगून ठेवा. म्हशीचा प्रश्न आमच्या भिंतीवर तीन महिने होता.

बोंड मोजणे, म्हणजे गणित कुठून सुरू होतं ते

एका बोंडाचा कापूस स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर काटा कधी 3 दाखवतो, कधी 5, कधी शून्य. इथं नवीन शिक्षक घाबरतो आणि प्रयोग गुंडाळतो. गुंडाळू नका, हीच तर मजा आहे. पोरांना विचारा आता काय करायचं. आमच्याकडं एक जण म्हणाला "जास्त ठेवू न मंग वाटून घेऊ", आणि सरासरी म्हणजे काय हे त्यानं माझ्याआधीच सांगून टाकलं. 50 बोंडांचा कापूस ठेवला, 200 ग्रॅम भरला. म्हणजे एका बोंडाला 4 ग्रॅम. तुमच्याकडं वाण वेगळं असेल तर 3.5 येईल, 5 येईल, जे येईल ते घ्या, माझा आकडा फळ्यावर लिहू नका.

मग पुढचं आपोआप आलं. 4 ग्रॅमचं एक, तर किलोला 250 बोंडं. चौथीतली एक पोरगी म्हणाली, माय दिवसाला 40 किलो वेचते. 250 गुणिले 40. तिसरीवाल्यांनी दहा-दहाचे गठ्ठे मांडून, चौथीवाल्यांनी उभी मांडणी करून, पाचवीवाल्यांनी तोंडी केलं. दहा हजार.

वर्ग एकदम शांत झाला हो. दहा हजार वेळा हात. दहा हजार हा आकडा पुस्तकात स्थानिक किमतीच्या तक्त्यात असतो, त्याला काही वजन नसतं, इथं तो कोणाच्या तरी मायच्या बोटांत होता. मी ठरवलेला पुढचा भाग होता सरकी मोजणे, तो मी त्या दिवशी सोडून दिला आणि म्हटलं आज घरी जाऊन माईला विचारा की वेचताना काय काय दुखतं, कमरेला ओटी कशी बांधते, किती वाजता निघते, सोबत काय नेते, आणि उद्या लिहून आणा. नेहमी "माझी आई" निबंधात सगळ्यांची आई सारखीच असते, प्रेमळ आणि सुगरण. या वेळी एकानं लिहिलं की आईच्या नखाच्या बाजूला बोंडाचं टोक लागून चिरा पडल्या आहेत आणि ती रात्री त्याला गोडंतेल लावते. एकीनं सीतादहीचं लिहिलं, पहिल्या वेच्याआधी वावरात दहीभात ठेवतात ते. मला हे दोन्ही माहीत नव्हतं. व्याकरणाच्या चुका होत्या, त्या दुसऱ्या दिवशी पाहिल्या, त्या दिवशी लाल पेन उघडलाच नाही.

नवीन लोकांना माझं हेच सांगणं आहे, पाठाचं नियोजन करा पण ते हातात घट्ट धरून बसू नका. एक दिवस असा येतो की वर्गच तुम्हाला रस्ता दाखवतो आणि तुम्ही "आपला आजचा घटक राहिला" म्हणून त्यांना परत ओढून आणता.

ओला म्हणजे किती ओला

हा प्रयोग कोणत्याही शाळेत होतो, खर्च शून्य. परिपाठ झाल्याबरोबर, दंव असलेला सकाळचा कापूस बरोबर 1000 ग्रॅम तोला. स्वच्छ चादरीवर उन्हात पसरा, दोन पोरं पाळीपाळीनं राखण (वारा आणि बकरी दोन्हीपासून). शाळा सुटायच्या आधी परत तोला. आमचा 960 भरला. 40 ग्रॅम कुठं गेले? "उडून गेले" म्हणणारे होते, "बकरीनं खाल्ले" म्हणणारा एक होता, मग वाफ, दंव, बाष्पीभवन, ओला टॉवेल, सगळं निघालं. परिसर अभ्यासातला जलचक्राचा पाठ मी त्याच दिवशी वाचायला घेतला आणि पहिल्यांदा पोरांनी तो स्वतःहून वाचला.

पाचवीवाल्यांना पुढं नेता येतं. 1000 ला 40 तर 100 ला 4. सीसीआयच्या (भारतीय कपास निगम, सरकारी कापूस खरेदी करणारी संस्था) खरेदी केंद्रावर ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, 8 ते 12 मध्ये भाव कापतात, 12 च्या वर घेत नाहीत, हे पोरांनी घरी ऐकलेलं असतंच. आपल्या मापानं 10 क्विंटलमागं 40 किलो घटले. 2024-25 चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 7521 रुपये होता, म्हणजे किलोला 75 रुपये 21 पैसे, 40 किलोचे 3008 रुपये 40 पैसे. चालू वर्षाचा भाव पोरांनाच शोधून आणायला सांगा.

एक सावधगिरी. उन्हात वाळवून सगळा ओलावा जात नाही, त्यामुळं आपला 4 आणि केंद्रावरच्या ओलावा मोजायच्या मीटरवरचा आकडा एकच नाही. हे पोरांना स्पष्ट सांगा, नाहीतर एखादा घरी जाऊन बापाला सांगेल की मॅडमनं काढलं, व्यापारी फसवतो, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत वेगळीच बैठक!

सरकी, रुई, सूत

100 ग्रॅम कापूस पाच गटांत वाटून द्या, त्याहून जास्त नको. आमची रुई (सरकी काढल्यावर उरतो तो कापूस) 34 ग्रॅम निघाली, सरकी 64, बाकी कचरा. साधारण एक तृतीयांश रुई, अपूर्णांक समोरच पडलाय. रुईची एक गाठ 170 किलोची असते, तर एका गाठीला कापूस किती? जवळपास 5 क्विंटल. हे उत्तर काढायला आमच्या पोरांना दोन दिवस लागले, मी सांगितलं नाही.

तकलीसाठी (हातानं फिरवून सूत काढायच्या चातीसाठी) सायकलचा स्पोक घ्या, त्याचं वाकलेलं डोकं वर ठेवायचं म्हणजे धागा अडकतो, खाली बाटलीचं झाकण घालून त्यात चिकणमाती भरून वाळवायची. टोक आधी घासून बोथट करा. रुई बोटांनी मोकळी करून पेळू (कातायला घ्यायची लांबट गुंडाळी) करायचा. पहिले दोन दिवस धागा तुटतच राहतो, तुमचाही तुटेल, गावातल्या एखाद्या आजीला बोलवा. आमच्या आजींनी लहानपणी शाळेतच कताई केलेली होती, त्यांनी मला बाजूला सारलं आणि वर्गच ताब्यात घेतला. एक ग्रॅम रुईतून आमचा धागा 6 मीटर निघाला, जाडाभरडा, कुठं दोरी तर कुठं केस. शर्टाचा प्रश्न इथं सोडवायचा होता पण जमला नाही, उत्तर फारच भलतं यायचं, सोडून दिला.

इतिहास-भूगोलासाठी मी फार वेळ देत नाही. नकाशावर आपलं गाव, हिंगणघाटची बाजारपेठ, जिनिंग (सरकी वेगळी करायचा कारखाना), नागपूर अशी रेघ ओढतो. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला एकदम मागणी आली, आणि 1877 मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. एवढं तिसरी ते पाचवीला पुष्कळ झालं.

औषधाचं कटाक्षानं पाळा

फवारणी झालेल्या वावरात पोरं न्यायची नाहीत. बियाण्याच्या पाकिटातलं रंगीत बी हातात द्यायचं नाही, त्याला औषध लावलेलं असतं, उगवण बघायला आपण काढलेली सरकीच घ्या. कीटकनाशकाचे रिकामे डबे, बाटल्या कुठल्याच कामाला शाळेत नाहीत, कुंडीला नाही, पर्जन्यमापकाला तर नाहीच. कापूस हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे, मगच खिचडी. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले ते आपण विसरलेलो नाही. डब्यावरचा त्रिकोण मी फळ्यावर खडूनं काढून शिकवते, लाल म्हणजे अतिशय विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा त्या उतरत्या क्रमानं. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हे दोनदा सांगा.

पालक काय म्हणतील

म्हणतीलच. चौथ्या-पाचव्या दिवशी एक बाप दारात उभा राहिला. "मॅडम, आमी पोरीले कापूस येचा लागू नये म्हून शाळेत टाकलं, न् तुमी तिले इथंई कापूसच देऊन रायले?"

माझ्याकडं प्रशिक्षणातली उत्तरं होती, अनुभवातून शिक्षण वगैरे, पण त्या माणसासमोर ती तोंडातून निघेनात कारण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी त्यांना आत बोलावलं, पोरीनं वहीतले दहा हजार दाखवले, बाप खुश झाला, आणि मग त्यानं विचारलं, "मंग सांग बरं, 12 क्विंटल 35 किलोचे किती होते?" पोरगी अडकली. गोल आकड्यांचा गुणाकार तिला समजून येत होता, पण 7521 ला 12 नं गुणताना हातचा चुकला, तीनदा. बाप काही बोलला नाही, वही परत देऊन गेला.

तेव्हापासून रोज अर्धा तास निव्वळ सराव, पाढे, हातचा, भागाकार, मोठ्यानं वाचन, कापसाचं नाव न काढता. समवायवाले काही लोक याला नाक मुरडतात. मुरडू द्या. प्रश्न पडणं वस्तूतून येतं, हात बसणं सरावातून येतं, आणि काट्यावर उभं राहिल्यावर दोन्ही लागतात.

दुसऱ्या वर्षीपासून मी सुरू करायच्या आधीच पालकांची छोटी बैठक घेते, शाळा व्यवस्थापन समितीतल्या दोघांना सोबत बसवते, आणि पहिलंच वाक्य हे सांगते की पोरांकडून वेचणी करून घेणार नाही.

नोंदी

वेगळं रजिस्टर उघडू नका, मराल. प्रत्येक पोराची एक कापसाची वही, त्यात तारीख, काय मोजलं, काय चुकलं. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी त्यातूनच लिहायच्या. "सरासरीची कल्पना स्वतः सुचवली" ही नोंद "गणितात रुची आहे" पेक्षा लाख पटीनं खरी आहे. साहेब आले आणि विचारलं की यात अध्ययन निष्पत्ती कुठं आहे, तर वहीच्या पानावर पेन्सिलनं क्रमांक टाकलेला असू द्या, एवढ्यावर भागतं.

शेवटच्या दिवशी कापूस परत

पहिल्या दिवशीची यादी काढा आणि सगळा कापूस परत तोला. आमच्या फळ्यावरचा हिशेब असा होता: आला 1000, वाळून घटला 40, सरकी-रुईच्या प्रयोगाला गेला 100, म्हणजे उरायला पाहिजे 860. काट्यावर भरला 838. 22 ग्रॅमचा पत्ता नाही. मधल्या सुट्टीत पूर्ण वर्ग बाकांखाली घुसून बोळे शोधत होता, 9 ग्रॅम सापडले, त्यात अर्धी धूळ. बाकीचे 13 फळ्यावर तसेच लिहून ठेवले, "हिशेब लागत नाही" असं, आणि ज्याच्या त्याच्या घरी ओंजळ पोचवली. चिमणीनं नेले असं तिसरीतल्या एकाचं म्हणणं होतं, आणि खिडकीवरच्या घरट्यात खरंच थोडा कापूस होता, पण तो तोलायला त्यांनीच नको म्हटलं, आत पिल्लं होती.